प्रत्येकी साठ संवाद

आमच्या गावच्या जत्रेत नाटक होतं. गाव कर्नाटकच्या सीमेवर, औरादपासून आठ किलोमीटर. तूर-हरभरा घरात आला की, ऊन तापायच्या आधी जत्रा भरते. नाटक बाहेरच्या कंपनीचं नसतं, गावातलेच लोक काम करतात. महिनाभर आधी एक नाटकमास्तर गावात येऊन राहायचे, पेटी वाजवायचे, गाण्यांना चाली लावायचे, तालीम घ्यायचे. स्त्रीपार्टाला गुलबर्ग्याकडून एक बाई ठरवून आणायची पद्धत होती. बाकी सगळे शेतकरी, गवंडी, ट्रकवरचे ड्रायव्हर. आणि शाळेत गणित शिकवणारा मी.

मी कधी तोंडाला रंग लावला नाही. माझी जागा पडद्याच्या मागं, हातात वही. पुढचा अडला की वाक्य पुरवायचं. सात वर्षं हे काम केलं. त्यामुळं कोणाला किती वाक्यं आहेत आणि त्यातली किती पाठ आहेत, हे गावात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

नव्वद सालानंतर पाच-सहा वर्षांत गावातली तरुण माणसं बाहेर जायला लागली. नाटकात काम करणाऱ्या तेरा जणांपैकी सहा जण बाहेर होते. तीन पुण्याला, दोन हैदराबादला, एक भिवंडीला. जत्रेला मात्र सगळे येत. आणि येत ते नाटकासाठी. त्यामुळं पार्ट वाटायची बैठक म्हणजे दरसालचं भांडण. छापील नाटकात राजाला दोनशे चौदा संवाद आणि शिपायाला दोन. शिपाई झालेला माणूस भिवंडीहून आलेला. त्यानं बैठकीत उभं राहून विचारलं, "दोन येळा 'जी सरकार' म्हणायला मी एवढ्या लांबून आलो व्हय? हे तर मी सेठला तिथंच म्हणतो की."

सगळे हसले, पण त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की पुढच्या साली छापील नाटक नको, आपलंच नवीन करायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी दोन छोटे प्रवेश लिहिले होते. तेवढ्यावर जत्रा कमिटीच्या अप्पांनी मला बोलावून सांगितलं, "गुरुजी, तुमी लिवा. पण कोणी रुसू नये असं लिवा."

कोणी रुसू नये हे मी भागाकाराचं उदाहरण समजलो. तेरा पुरुष आणि एक बाई मिळून पात्रं चौदा. प्रत्येकाला साठ संवाद. चौदा साठे आठशे चाळीस. मी वहीत चौदा रकाने आखले आणि लिहीत गेलो तशा त्यात रेघा मारत गेलो. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. एखाद्याचे सत्तावन्नच भरले तर आणखी तीन ठिकाणी त्याला बोलायला लावायचं. गोष्ट साधी होती. निजामाच्या काळात एक माणूस घर सोडून हैदराबादला जातो आणि बारा वर्षांनी परत येतो, तेव्हा दारात आई त्याला ओळखत नाही. एवढ्या गोष्टीत शिपायाला साठ वाक्यं द्यायची म्हणजे त्याला लग्नापासूनची सगळी हकीकत सांगू द्यावी लागली. पत्र आणणारा माणूस पत्र देऊन जायला तयारच होईना, कारण पत्र देईपर्यंत त्याचे सव्वीसच झाले होते.

मला ते जमल्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. बैठकीत मी रकाने दाखवले. एकही जण रुसला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा पार्ट भांडणाशिवाय वाटले गेले, असं अप्पा म्हणाले.

मास्तर निंबर्ग्याकडचे. घरची भाषा कानडी, पण मराठी नाटकं बसवून बसवून मराठीही चांगली बोलायचे, अधूनमधून दखनी उर्दू पेरत. त्यांनी तीन दिवस वही वाचली. चौथ्या दिवशी पेटीवर ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे नाटक न्हाई. हजेरीपट हाय."

"म्हणजे?"

"सगळ्यांचे नंबर घेतलाव तुमी. हाजिर, हाजिर, हाजिर. पर ह्यात घडायलंय काय?"

मला वाटलं, तालीम जास्त घ्यावी लागेल म्हणून कुरकुर करतायत. मी त्यांना हिशेब दाखवला. एका संवादाला सरासरी बारा सेकंद. आठशे चाळीस संवादांना दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. अकरा गाणी धरून चार तास. मास्तर म्हणाले, "बहुत अच्छा," आणि पेटी पुढं ओढली.

ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतोय तो माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. बारा वर्षांनी परत येणाऱ्या माणसाचं काम त्याला दिलं होतं. तो पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. त्याचे वडील लवकर गेले. घरी फक्त त्याची आई, माझी चुलती. तिला मी मोठी माय म्हणतो. दोन म्हशी, दीड एकर रान आणि ती. अण्णा वर्षातून एकदा जत्रेला यायचा, आणि ती वर्षातून एकदा त्याला स्टेजवर बघायची. आधीच्या छापील नाटकांत त्याला कधी पाच-सातच्या वर वाक्यं मिळाली नव्हती. त्या वर्षी साठ. ती तीनदा मला विचारून गेली, "साठ म्हंजी लई असतात का रे?"

"लई असतात," मी म्हणालो.

नाटक रात्री दहाला सुरू झालं. माझ्या हिशेबानं दोनला संपायला हवं होतं. पण निम्म्या लोकांना साठ पाठ होणं शक्यच नव्हतं. प्रत्येक वाक्य आधी पडद्यामागून मी म्हणायचो, मग पुढं तो म्हणायचा. लोक प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकत होते. त्यात अमक्याकडून तमक्याला बक्षीस, असं मधेच माईकवर पुकारायची आमच्याकडची रीत. तिला मी हिशेबात धरलंच नव्हतं. अण्णाचा प्रवेश तिसऱ्या अंकात. तो आला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पूर्वेला उजाडायला लागलं होतं आणि स्टेजवरचे दिवे फिके दिसत होते. समोर पोती आणि सतरंज्या, त्यांच्यावर झोपलेली लेकरं, आणि जागी माणसं मी मोजली तर एकोणीस. मोठी माय संध्याकाळपासून पुढंच बसली होती. पाचला म्हशींच्या धारा काढायच्या म्हणून ती उठून गेली होती.

अण्णानं साठही वाक्यं म्हटली. त्याला एकही पुरवावं लागलं नाही. गुरं रानाकडं निघाली होती, त्यांच्या घंटा त्याच्या बोलण्यात मिसळत होत्या. नऊच्या बसनं तो उदगीरला आणि तिथून पुण्याला गेला. नाटकाबद्दल घरीही काही बोलला नाही.

दुपारी मी मोठ्या मायकडं गेलो. ती पडवीत चिंचा फोडत बसली होती.

"झालं का रे नाटक?"

"झालं."

"माझा लेक आला का मग नाटकात? मी उठले तवर तर आलाच न्हवता."

"आला की. साडेपाचला."

"काय म्हणला?"

"बारा वर्षांनी घरी येतो असं काम होतं ना त्याचं."

"ते म्हाईत हाय. म्हणला काय?"

मी आठवायला लागलो. ती साठ वाक्यं मी लिहिली होती. मग अण्णाला पाठवायला वेगळ्या कागदावर उतरवली होती. तालमीत ऐकली होती. त्या पहाटे समोर वही धरून वाचली होती. चार वेळा माझ्या नजरेखालून गेलेल्या साठांपैकी मला एकसुद्धा सांगता येईना. ती हातातली चिंच धरून थांबली होती.

"चांगलं बोलला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि चिंचेवर बत्ता मारला.

घरी येऊन मी वही काढली आणि अण्णाची साठ वाक्यं परत वाचली. चुकीचं एकही नव्हतं. पण कोणतंही काढून त्या जागी दुसरं घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं. असं वाक्य माणसाच्या डोक्यात कशाला राहील? लिहिणाऱ्याच्याच राहिलं नाही. मास्तर हजेरीपट कशाला म्हणाले, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तेच नाटक पुन्हा लिहायचं ठरवलं. काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचं माप माझ्याकडं नव्हतं. गणितात उत्तर बरोबर आहे की नाही ते ताडून बघता येतं. इथं कसं ताडायचं? शेवटी मी एक पद्धत काढली. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी शाळा सुटली की मोठ्या मायकडं जायचं. ती शेंगा फोडत नाहीतर डाळ निवडत असायची. तिला तीसेक संवाद वाचून दाखवायचे. काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणायचं, काल काय वाचलं सांग. तिनं सांगितलं ते ठेवायचं.

पहिल्या अंकात दोनशे ऐंशी संवाद होते. ते संपायला नऊ दिवस लागले. त्यातल्या सहा गोष्टी तिनं सांगितल्या. मी जे रात्र-रात्र घासून लिहिलं होतं, देशाबद्दल, माणुसकीबद्दल, त्यातलं काहीच नाही. तिनं सांगितलं, "त्या शिपायाच्या चपलेचा अंगठा तुटला व्हता, आन् पहारा सोडून शिवायला जाता येईना त्याला." ते वाक्य मी साठाची भरती करायला घातलं होतं, अठ्ठावन्नावं की एकोणसाठावं.

अण्णाचा भाग मात्र मी तिला वाचून दाखवला नाही. तो तिनं स्टेजवरच बघावा, असं मला वाटत होतं. तिथं मी माझ्या अकलेनं काटछाट केली आणि साठाची नऊ वाक्यं ठेवली. सगळी वही संपायला तीन महिने लागले. आठशे चाळीसचे दोनशे बारा झाले. आधी माझ्या नोंदीत दोनशे तेरा होते, एक दोनदा धरलं गेलं होतं.

बैठकीत मी ते वाचलं. संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

"कामून कापलाव गुरुजी?"

"गेल्या साली रातभर चाललं, ते काय वाईट व्हतं?"

भिवंडीवाला, याही नाटकातला शिपाई, जत्रेसाठी लवकर आलेला होता. तो म्हणाला, "साठाचे चार? मी तुमचं काय वाकडं केलं?"

मी त्याला चपलेची गोष्ट सांगितली. तीन महिन्यांनी मोठ्या मायला तुझं तेवढं एक लक्षात आहे, म्हणालो. त्याचं समाधान झालं नाही. पण तो उठूनही गेला नाही. दोघं जण उठून गेले, त्यांची पात्रं मी काढून टाकली. अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमीच म्हणलाव कोणी रुसणार न्हाई म्हणून."

"मी म्हणलो नव्हतो, तुम्ही म्हणाला होता," मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्यानं काही मिटलं नाही.

आठवड्यानं किराणा दुकानातल्या फोनवर अण्णाचा फोन आला. दुकानदारानं मला शाळेतून बोलावून नेलं.

"किती हायत माझे?"

"नऊ."

पलीकडं वाहनांचे आवाज येत होते.

"साडेचारशे किलोमीटर येतो मी."

"माहीत आहे."

"नऊसाठी?"

"तू ये तर. आल्यावर बघू."

"बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

हे मी मोठ्या मायला सांगितलं नाही. तिनं त्याच्यासाठी शेंगांची चटणी कुटायला काढली होती. त्यानंतरचे दिवस मला बरे गेले नाहीत. वर्षातून एकदा तिला लेक दिसतो, आणि या वर्षी तो दिसला नाही तर ते माझ्या लिहिण्यामुळं. चांगल्या नाटकासाठी एवढी किंमत द्यावी का, हे मी स्वतःला विचारत होतो. दोनदा मी वही काढून त्याचे आणखी वीस-पंचवीस संवाद लिहिलेसुद्धा. वाचले आणि खोडले.

जत्रेच्या सहा दिवस आधी तो आला. आला तो घरी पिशवी टाकून सरळ तालमीच्या जागी, मारुतीच्या देवळाशेजारच्या शेडमध्ये. शर्टाच्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. गेल्या वर्षीच्या साठ वाक्यांचा, माझ्या अक्षरातला. घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते आणि मागून पारदर्शक टेप लावलेली होती.

"मला हे सगळं पाठ हाय," तो म्हणाला. "गेटवर कोणी नसलं की म्हणतो. वर्सभर म्हणलो."

मी त्या टेपकडं बघत होतो.

"तिथं दिवसाला माझी तीन वाक्यं असतात. कुणाकडं जायचंय. वहीत नाव लिवा. गाडी हितं लावू नका. चौथं बोललं तर लोक बघतात, ह्याला काय झालं म्हणून. हितं तू मला साठ दिले व्हते, आन् तूच काढून घ्यायलास."

गेलं वर्षभर मी ज्या साठ वाक्यांना भरती समजत होतो, त्यांच्यावर या माणसानं वर्ष काढलं होतं. मास्तर पेटीवर बसले होते, ते म्हणाले, "ठीक हाय अण्णा. साठ तर साठ. करा, आम्ही बघतो."

स्त्रीपार्टाच्या बाई दोन दिवसांपूर्वीच आल्या होत्या. त्या आईचं काम करायच्या. वय चाळिशीचं, कामाला पक्क्या, बोलायला फटकळ. त्या सूप घेऊन बसल्या. अण्णा दारात उभा राहिला आणि बोलायला लागला. मी घड्याळ लावलं होतं. चौदा मिनिटं. खरं सांगायचं तर त्यानं फार छान म्हटलं. कुठं चढायचं, कुठं थांबायचं, सगळं त्याचं त्यानंच बसवलं होतं. भिवंडीवाल्यानं टाळी वाजवली.

मास्तरांनी बाईंकडं बघितलं. "काय वाटलं?"

"सांगू का? अण्णा, राग धरू नका."

"सांगा."

"मी तुमची आई हाय, न्हवं का? बारा वर्सानं कोणी दारात आला आन् पाणी न पिता एवढं बोलला, तर मला वाटंल ह्यो साड्या इकायला आलाय."

सगळे हसले. अण्णा हसला नाही. कानशिलं लाल झाली त्याची. मला वाटलं, आता हा कागद फेकून निघून जाणार.

मास्तरांनी हसणाऱ्यांना हातानं गप्प केलं आणि साधेपणानं विचारलं, "अण्णा, तुमी पुण्याहून आलाव की घरी दारात काय बोलताव?"

"मी?"

"व्हय. आज आलाव ना. काय बोललाव?"

अण्णा आठवायला लागला. "काही न्हाई. पिशवी ठेवली."

"मंग?"

"मंग पाणी मागितलं."

"कसं?"

"कसं म्हंजी? पाणी दे गं, म्हणलं."

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. "तेच करा."

"काय?"

"पिशवी ठेवा. पाणी मागा."

अण्णा तसाच उभा राहिला. मग कोपऱ्यातली कोणाची तरी पिशवी घेतली, बाहेर गेला, आत आला, पिशवी ठेवली आणि म्हणाला, "पाणी दे गं." ते अगदी नाटकी झालं. त्याचं त्यालाच कळलं. कोणी काही म्हणायच्या आत तो पिशवी उचलून परत बाहेर गेला.

पुढचे सहा दिवस त्यानं एवढंच केलं. पहिल्या दिवशी पिशवी बरोबर स्टेजच्या मध्यभागी ठेवायचा, लोकांना दिसावी म्हणून. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकायला लागली. चौथ्या दिवशी ठेवल्यावरही त्याचा हात बंदात अडकून राहायला लागला, आपल्याला इथं थांबू देतील की नाही हे माहीत नसल्यासारखा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सवयीनं वहीत रेघा मारत होतो. एकशे त्र्याहत्तर आहेत. एक दिवस मी पगाराला औरादला गेलो होतो, त्या दिवसाच्या यात धरलेल्या नाहीत.

आणि वाक्यं तोच काढायला लागला. नऊची चार झाली. मग एका दुपारी मला म्हणाला, "हे 'आई, मी आलो' कामून पायजे?"

मला ते सगळ्यात आवडायचं. "अरे, बारा वर्षांनी आलाय तो. एवढं तरी म्हणेल की नाही?"

"आलोय ते दिसायलंय की. परत सांगायचं कशाला?"

मी अर्धा दिवस वाद घातला. साठांसाठी माझ्यावर रागावलेला माणूस आता माझं एक वाक्य वाचवू देत नव्हता. शेवटी मी ते खोडलं. तीन उरली. तो पाणी मागतो. आई विचारते, कुठले म्हणायचं तुमी? तो म्हणतो, "हितलाच." ती म्हणते, मी तर कधी बघितलं न्हाई. तो म्हणतो, "बारा वर्सं झाली." त्याचा पार्ट एवढाच.

त्या वर्षी नाटक संध्याकाळी सातला सुरू केलं, धारा काढून बायका मोकळ्या होतात तेव्हा. मोठी माय पोतं अंथरून पुढं बसली होती. अण्णा पावणेनऊला आला. पिशवी भिंतीला टेकवली, हात बंदातच. "पाणी दे गं," म्हणाला. बाईंनी तांब्या आणून दिला. तो प्यायला. घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत. पडद्यामागं मी वही मिटून ठेवली होती, पुरवायला काही नव्हतंच. पाच-सहाशे माणसं असतील. लेकरंसुद्धा जागी होती.

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. विचारलं, कुठले म्हणायचं तुमी.

"हितलाच."

मागून प्रेक्षकांतली कोणीतरी ओरडली, "अगं वळख की! तुझंच लेकरू हाय ते!"

लोक हसले. मोठी माय मान वळवून, आवाज न चढवता म्हणाली, "गप बस गं. वळखायलीय ती."

नाटक सव्वानऊला संपलं. लोक उठेनात. अजून एक अंक असेल असं त्यांना वाटत होतं. मग तक्रारी सुरू झाल्या. बसायला आलो तवर उठा म्हणलाव, असं बायका म्हणाल्या. मांडव रातभराचा सांगितलाय, आता काय करायचं, म्हणून अप्पा माझ्यावर चिडले आणि शेवटी त्यांनी भजनवाल्यांना बोलावलं. भिवंडीवाल्याला चपलेच्या वाक्यावर मोठा हशा मिळाला होता, पण तोही म्हणाला की चारचे सहा तरी करायला पाहिजे होते. पुढच्या साली कमिटीनं छापील नाटक आणलं, राजाराणीचं, राजाला दोनशे चौदा संवाद असलेलं. मला परत लिहा म्हणायला त्यांना तीन वर्षं लागली. आजवर मी चार नाटकं लिहिली आहेत. जास्त लिहायला सवड होती, लिहिली नाहीत.

त्या रात्री मांडवातून मी अण्णाबरोबर त्याच्या घरी गेलो. मोठी माय आमच्या आधी पोचली होती. तिनं त्याला उंबऱ्यावर बसवलं, वाटीत तेल घेतलं आणि पदराच्या टोकानं त्याच्या तोंडावरचा रंग पुसायला लागली. कपाळ झालं, एक गाल झाला.

दुसरा गाल पुसताना म्हणाली, "तिथं पुण्यात तुला कोणी पाणी देतं का रे?"

अण्णानं डोळे मिटले होते. "एक बाई देती. तिसऱ्या मजल्यावरची."

"रोज?"

"रोज न्हाई. ऊन लई असलं तर."

"आन् न्हाई दिलं तर?"

"टाकीपाशी नळ हाय. पण तिथं जायचं म्हंजी गेट सोडावं लागतं," तो म्हणाला, आणि मग गेटचं सांगायला लागला, त्या बाईचं, नाव न लिहिता आत जाणाऱ्या लोकांचं, पहिल्या वर्षी झोपायला जागा नव्हती त्याचं. एवढ्या वर्षांत यातलं काही मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकलं नसावं, कारण तिचा पुसणारा हात थांबला होता आणि तेलाची वाटी तशीच दुसऱ्या हातात होती.

मी उठलो. तिनं मला थांब म्हटलं नाही.